जुन्या स्पोर्ट्स गाडीचा स्टेअरिंग रॅक: दुरुस्ती, रीबिल्ड आणि सुधारणा. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुन्या गाड्या जिवापाड जपणारी माणसं कमी नाहीत, आणि त्यांना रस्तेही तसेच लाभलेत. जांबोटी-कणकुंबीवरून उतरणारा चोर्ला घाट आहे, लोंढ्याकडून अनमोड आहे, वर आंबोली आहे. गाडी चालवायला यापेक्षा चांगलं ठिकाण शोधावं लागेल. मात्र पावसाळ्यानंतरचे खड्डे आणि खानापूरकडची लाल माती स्टेअरिंग रॅकची, म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं आडव्या सरकण्यात बदलून चाकं वळवणाऱ्या यंत्रणेची, पुरती परीक्षा घेतात.

इथली उत्तरं दोन प्रकारच्या गाड्या धरून लिहिली आहेत. एक म्हणजे पॉवर नसलेल्या साध्या रॅकच्या ब्रिटिश गाड्या: ट्रायम्फ स्पिटफायर, एमजी मिजेट, एमजीबी आणि स्पिटफायर जिच्या चासीवरून घडली त्या हेराल्डचं आपल्याकडे मद्रासला बनलेलं रूप, स्टँडर्ड हेराल्ड. दुसऱ्या म्हणजे २००० सालच्या आसपासच्या, हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगच्या चपळ गाड्या: होंडा सिटी १.५ व्हीटेक, फोर्ड आयकॉन १.६, फियाट पालियो १.६.

पुढची सगळी उत्तरं एकाच गोष्टीवर उभी आहेत. रॅक आधी घट्ट आणि मोकळा करायचा, म्हणजे प्ले (सांध्यांतला सैलपणा) नको आणि अडखळणंही नको. तो जलद करायचा विचार त्यानंतर.

स्टेअरिंगला प्ले आलाय. रॅक गेला का?

लगेच तसं म्हणू नका. खापर रॅकवर फुटतं आणि दोष शेजाऱ्याचा असतो, हे फार वेळा होतं.

गाडी गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर किंवा चार खांबांच्या लिफ्टवर घ्या, म्हणजे वजन चाकांवरच राहील. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना उटी लावा. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा. एकानं आत बसून स्टेअरिंग डावी-उजवीकडे अगदी थोडं, चाक वळायच्या आधीच्या प्लेपुरतं, हलवत राहायचं. दुसऱ्यानं खाली एकेका सांध्यावर हात ठेवत यायचं: कॉलमचा युनिव्हर्सल जॉइंट, पिनियनचा (रॅकचे दात फिरवणाऱ्या लहान गिअरचा) शाफ्ट, रॅकचे क्लॅम्प, बेलोवरून (रॅकच्या टोकाच्या घड्यांच्या रबरी नळीवरून) दाबून आतला बॉल जॉइंट आणि शेवटी बाहेरचा टाय रॉड एन्ड, म्हणजे रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याचं टोक. सांध्याची एक बाजू आधी हलते आणि दुसरी मागून येते, तिथं प्ले आहे. डोळ्यांना न दिसणारी टकटक बोटांना लगेच लागते.

स्पिटफायर आणि हेराल्डमध्ये रॅक यू-बोल्टांनी, रबरावर बसवलेला असतो. वर्षानुवर्षं इंजिनाचं तेल ठिबकून ते रबर फुगतं आणि भुसभुशीत होतं. मग आख्खा रॅकच आडवा सरकतो आणि आतल्या दातांत काडीचा दोष नसताना स्टेअरिंग सैल वाटतं. तिथं नवी रबरं घातली की काम संपलं.

यानंतर चाक उचलून घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. फक्त इथंच प्ले असेल तर तो टाय रॉड किंवा रॅकचा. बारा आणि सहालाही असेल तर आधी व्हील बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा किंगपिन (चाक ज्याभोवती वळतं ती खीळ) बघा.

सैल नाही, उलट जड झालंय. मग?

दोन्ही टाय रॉड एन्ड चाकाच्या हातापासून (स्टेअरिंग आर्मपासून) सोडवा आणि स्टेअरिंग फिरवून बघा. हलकं फिरलं तर रॅक निर्दोष आहे, दोष चाकाच्या बाजूला. जडच राहिलं तर दोष रॅकमध्ये, कॉलममध्ये किंवा मधल्या जॉइंटमध्ये आहे.

चाकाच्या बाजूचा सर्वांत मोठा संशयित म्हणजे वंगण. एमजी मिजेट आणि एमजीबीला किंगपिन आहेत, त्यांना नियमित ग्रीस लागतं. स्पिटफायर आणि हेराल्डला खाली पितळेचा आट्यांचा ट्रनियन आहे, त्याला ग्रीस नव्हे, ईपी ९० गिअर तेल लागतं. आपल्याकडे निप्पल दिसलं की ग्रीसगन लावायची सवय आहे. ते ग्रीस आट्यांत घट्ट होऊन बसतं, तेल खाली पोचत नाही, आतून गंज चढतो आणि एक दिवस तो सांधा तुटतो. घाटात तुटला तर चाक आडवं होतं. ट्रनियनमध्ये ग्रीस भरलेलं आढळलं, तर रॅकचा विषय बाजूला ठेवून आधी तो सांधा खोला.

स्टेअरिंगच्या एका फेरीत दोनदा जड आणि दोनदा हलकं लागत असेल तर युनिव्हर्सल जॉइंट बघा. तो गंजलेला असेल किंवा आधीच्या कामात शाफ्टची दोन टोकं चुकीच्या कोनात जोडली गेली असतील.

मधोमध प्ले होता. मेस्त्रींनी रॅकचा नट आवळला. प्ले गेला, पण आता वळल्यावर स्टेअरिंग आपोआप परत येत नाही.

हा प्रश्न नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण रॅक ठेवायचा की बदलायचा हे इथंच ठरतं.

रॅकच्या बारला, म्हणजे आतल्या दातेरी दांड्याला, पिनियनच्या दातांवर दाबून धरणारा एक ठोकळा असतो. त्यामागे स्प्रिंग आणि स्प्रिंगमागे तो नट. गाडी आयुष्यभर जास्त वेळ सरळ जाते, म्हणून बारचे मधले दात सर्वाधिक झिजतात आणि टोकाचे जवळपास नवे राहतात. मधला प्ले जाईपर्यंत नट आवळला की टोकाला, जिथं दात अजून पूर्ण उंचीचे आहेत, तिथं बार आवळला जातो. घाटातल्या हेअरपिन वळणावर स्टेअरिंग पूर्ण फिरवलं आणि ते तिथंच राहिलं, असं होतं ते यामुळे. थोड्या प्लेपेक्षा हे जास्त धोक्याचं.

योग्य रीत अशी: रॅक टेबलावर, दोन्ही टाय रॉड मोकळे. नट हातानं टेकेपर्यंत आवळायचा, मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या कोनाइतका मागे घ्यायचा. हा कोन गाडीगणिक वेगळा. नंतर पिनियन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवून कुठं जड लागतं ते बघायचं आणि नट त्या सर्वांत जड जागेला धरून ठरवायचा. तसं केल्यावर मधला प्ले सोसण्याइतका राहिला तर रॅक अजून चालेल. फार राहिला तर दात संपलेत, बार आणि पिनियन दोन्ही बदला. गाडीवर असताना खालून पाना घालून अंदाजानं आवळणं कुणाकडूनही करून घेऊ नका.

बेलो फाटलाय, पण स्टेअरिंग ठीक आहे. पावसाळा संपल्यावर बदलला तर चालेल?

नाही. पावसाळ्याआधीच बदला. कणकुंबीच्या बाजूला पाऊस कसा कोसळतो हे तुम्हाला माहीत आहे. फाटक्या बेलोतून लाल चिखल आत गेला की तो तेलात कालवून दातांमध्ये घासायची पेस्ट होतो. बेलो ही रॅकमधली सर्वांत स्वस्त वस्तू आहे आणि तिच्यासाठी आख्खा रॅक जातो.

बदलताना दोन गोष्टी. बेलोचं बारकं तोंड टाय रॉडवर जिथं बसतं तिथं बोटभर सिलिकॉन ग्रीस लावा, नाहीतर अलाइनमेंटच्या वेळी रॉड फिरवताना बेलो पिळला जातो आणि तिथंच फाटतो. आणि दोन्ही बेलोंना जोडणारी हवेची नळी असेल तर ती फुंकून मोकळी आहे का बघा. ती तुंबली की एक बेलो फुगतो आणि दुसरा आत ओढला जातो.

साध्या रॅकमध्ये तेल की ग्रीस?

गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच. त्या काळच्या एमजींच्या रॅकमध्ये ईपी ९० तेल असतं, एमजीबीला साधारण २०० मिलिलिटरच्या आतबाहेर. काही रॅक, उदाहरणार्थ स्पिटफायरचा, ग्रीसवर चालतात. तेलाच्या रॅकमध्ये घट्ट ग्रीस कोंबलं की ते बारच्या टोकांना ढकललं जातं आणि पिनियन कोरडा राहतो. तेल गळतं म्हणून ग्रीस भरा, असा सल्ला मिळाला तर बेलो आणि क्लिपा बदला, तेल राहील.

पॉवर रॅक गळतोय. वरून तेल घालत राहिलं तर काय बिघडतं?

थोडे दिवस काही नाही. मग पंप बिघडतो. टाकीत तेल कमी पडलं की पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो, सकाळी गाडी चालू केल्यावर कण्हल्यासारखा आवाज येतो आणि पंपाच्या पात्यांना ओरखडे पडतात. तो धातूचा कीस तेलाबरोबर रॅकच्या व्हॉल्व्हमध्ये जातो. म्हणजे एका सीलच्या कामाचं दोन मोठ्या कामांत रूपांतर झालं.

गळती कुठून आहे ते आधी बघा. बेलो हातानं दाबा. आत तेल डुचमळत असेल तर बारचं सील गेलंय. बेलो कोरडे आणि पिनियनच्या वरच्या टोकाला ओल असेल तर इनपुट शाफ्टचं सील. ते काही गाड्यांत रॅक पूर्ण न खोलता बदलता येतं. दोन्हीकडे कोरडं असेल तर पाइपचे जोड आणि त्यांचे वॉशर बघा. खड्ड्यांमुळे तेही सैल होतात.

तेलाची निवड हलक्यानं घेऊ नका. त्या काळच्या फोर्ड आणि फियाटला साधारणपणे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लागतं, होंडाला होंडाचंच पॉवर स्टेअरिंग तेल. ब्रेक ऑइल मात्र चुकूनही नको: नायट्राइल रबराची सीलं त्यात फुगून मऊ पडतात आणि मग रॅक, पंप, नळ्या सगळंच खोलावं लागतं. चुकून पडलंच तर गाडी चालू न करता उचलून गॅरेजला न्या.

आणखी एक सवय लावून घ्या. गाडी वळवताना स्टेअरिंग पूर्ण टोकाला नेऊन तिथंच दाबून धरू नका. त्या वेळी पंपाचा सगळा दाब सीलांवर येतो.

उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरचं एवढं काम चालतं. पॉवर रॅक तिथं रीबिल्ड होईल का?

होईल, आणि मला वाटतं ही आपल्या भागाची मोठी जमेची बाजू आहे. आपल्याकडे उद्यमबाग, मच्छे, होनगा या भागात होनिंग, ग्राइंडिंग, हार्ड क्रोम, सील हे रोजचं काम आहे. रॅकमधला दाब जास्तीत जास्त ७० ते १०० बारच्या (इथं बार म्हणजे दाबाचं एकक) घरातला. औद्योगिक सिलिंडर करणाऱ्यांना त्याच्या दुप्पट दाबाची सवय असते. मात्र सिलिंडर आणि रॅक यांत फरक कुठं आहे, हे काम देताना तुम्ही स्वतः समजावून सांगायला हवं.

पहिला फरक घर्षणाचा. सिलिंडर गळला नाही की तो पास. रॅकनं गळायचं तर नाहीच, शिवाय वळण संपल्यावर चाकांनी त्याला मागे ढकललं की मुकाट परतही यायचं. सिलिंडरमध्ये घालतात तशी जाड पॉलियुरेथेनची यू-कप सीलं रॅकमध्ये बसवली तर थेंबही गळत नाही, पण स्टेअरिंग जिथल्या तिथं चिकटून राहतं. म्हणून सील रॅकच्याच मापाचं आणि घडणीचं हवं: पातळ ओठाचं, मागे टेफ्लॉनची आधार-रिंग असलेलं. बहुतेक गाड्यांसाठी तयार सील किट मिळतं. किट नसेल तेव्हाच कापून बनवायचा विचार करा.

दुसरा फरक व्हॉल्व्हचा. पिनियनच्या वर एक फिरता व्हॉल्व्ह असतो, त्याच्या आत पातळ टॉर्शन बार आणि बाहेर टेफ्लॉनच्या रिंगा, बहुधा चार. रिंगा बदला, पण टॉर्शन बारची पिन कुणाला ठोकून काढू देऊ नका. व्हॉल्व्हचा मध्य कारखान्यात साधून पिन मारलेली असते. तो केसभर सरकला तरी हात सोडताच गाडी एका बाजूला वळायला लागते आणि कितीही अलाइनमेंट केलं तरी ते जात नाही.

टेफ्लॉनची रिंग बसवणं म्हणजे हातकाम आहे. ती कोमट तेलात मऊ करायची, ताणून खाचेत सरकवायची आणि मग ताणलेली रिंग पुन्हा मापात यावी म्हणून तिच्यावर गुळगुळीत नळी चढवून थोडा वेळ तशीच ठेवायची. ही पायरी गाळली तर रिंग व्हॉल्व्हच्या घराच्या (बाहेरच्या आवरणाच्या) कडेला कातरली जाते आणि ते गाडी जोडल्यावरच कळतं.

बार घालतानाही असंच. बारचे दात म्हणजे करवतच, सील त्यांच्यावरून सरकलं की ओठ कापला गेलाच म्हणून समजा. दातांवर एक्स-रेची जुनी फिल्म घट्ट गुंडाळा, बाहेरून रॅकमध्ये भरणार तेच तेल चोळा, सील फिल्मवरून सरकवून गुळगुळीत भागावर न्या आणि मग फिल्म ओढून काढा. जुने कारागीर हेच करतात.

बारचा पृष्ठभाग हा तिसरा मुद्दा. बेलोच्या आत पाणी शिरलेल्या रॅकच्या बारवर गंजाचे बारीक खड्डे पडतात. नखाला लागत नसतील तर बारीक पॉलिश पेपरनं बारच्या घेराच्या दिशेनं पॉलिश करा. नख अडकत असेल तर नवं सीलही तिथं टिकणार नाही. मग बार बदला, किंवा बार मिळतच नसेल तर फक्त गुळगुळीत भाग थोडा कमी ग्राइंड करून हार्ड क्रोम आणि पुन्हा मूळ मापाला ग्राइंड. दातांच्या भागाला क्रोम लावू द्यायचा नाही. तो पट्टी लावून झाकून घ्यायचा. आणि क्रोमनंतर लगेच, त्याच दिवशी, बार भट्टीत १९० अंशांच्या आसपास काही तास ठेवायचा. क्रोमच्या टाकीत पोलादात हायड्रोजन शिरतो आणि कडक पोलाद ठिसूळ होतं. तो बाहेर काढण्यासाठी ही भाजणी लागते. क्रोमवाल्याला हे माहीत नसेल, तर काम त्याला देऊ नका.

सगळं जोडल्यावर टेस्ट बेंचवर दोन्ही बाजूंनी दाब देऊन बघा, पण गाडीच्या पंपाच्या दाबापलीकडे जाऊ नका. गळती दिसली नाही तरी पिनियन टोकापासून टोकापर्यंत हातानं फिरवा आणि जड-हलकं लागतंय का ते अनुभवा.

खड्ड्यात चाक आपटलं. बार किंचित वाकलाय. प्रेसवर सरळ करून मिळेल ना?

करून देणारे भेटतील. करून घेऊ नका. बारचे दात आणि पृष्ठभाग इंडक्शननं (विजेनं तापवून) कडक केलेले असतात. थंड असताना दाबला तर त्या कडक थराला न दिसणारी भेग जाते, तापवला तर कडकपणाच जातो. दोन्ही बाबतींत बार सरळ दिसतो आणि नंतर कधीतरी तुटतो. तुटला की हातात स्टेअरिंग आहे आणि चाकांना त्याचा पत्ता नाही, अशी गत.

वाकलाय की नाही हे मोजायला बार व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावा. मॅन्युअलमधली मर्यादा गाडीनुसार असते. ०.१५ ते ०.३ मिलिमीटर हा नेहमी दिसणारा आकडा. त्यापलीकडे गेला तर भंगार. मर्यादेत असला, पण आपटलेला असला, तर मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट करून घ्या. फोर्जिंग आणि क्रँकशाफ्टची कामं आपल्याकडे होतात, तिथं ही सोय असते. टाय रॉडचंही तेच. वाकलेला टाय रॉड सरळ करायचा नाही, बदलायचा.

क्विक रॅक (कमी फेऱ्यांत चाकं वळवणारा) बसवावा म्हणतोय. चोर्ल्यात मजा येईल का?

आधी तुमच्या गाडीचा मूळ रॅक किती जलद आहे ते बघा. एमजी मिजेट टोकापासून टोकापर्यंत सव्वादोन फेऱ्यांच्या आसपास घेते. तिला आणखी जलद करून काही मिळत नाही. स्पिटफायर पावणेचारच्या आसपास घेते, तिथं विचार करता येतो. पण त्या गाडीचा वळायचा घेर मुळात इतका लहान आहे (हेराल्डचा २५ फूट प्रसिद्धच होता) की टोकाला चाकं फार वळतात आणि फेऱ्यांचा आकडा त्यामुळेही मोठा दिसतो.

हिशेब सोपा आहे. पिनियनच्या एका फेरीत बार किती मिलिमीटर सरकतो ते मोजा. समजा ४४ मिलिमीटर, आणि एकूण साडेतीन फेऱ्या. म्हणजे बारची चाल १५४ मिलिमीटर. फेरीला ५५ मिलिमीटर सरकवणारा पिनियन घातला तर त्याच चालीला २.८ फेऱ्या पुरतात. पण हाताला लागणारा जोर त्याच प्रमाणात, म्हणजे सव्वापट होतो. पॉवर नसलेल्या गाडीत रुंद टायर घातले असतील तर रविवार पेठेत गाडी पार्क करताना ते जाणवेल.

माझं मत स्पष्ट आहे. चोर्ल्यासारख्या घाटात वळण कळायला आणि सांभाळायला लागतो तो प्ले नसलेला रॅक, नवी रबरं, चांगले टायर आणि योग्य अलाइनमेंट. एवढं केल्यावर मूळ रेशोची गाडीही इतकी नेमकी वाटते की बरेचजण क्विक रॅकचा विषय सोडून देतात. ट्रॅकवर किंवा ऑटोक्रॉसला गाडी नेत असाल तर गोष्ट निराळी.

क्विक रॅकसाठी परदेशी मागणी देणार असाल तर उजव्या हाताच्या स्टेअरिंगचाच मागवा. अमेरिकेतल्या विक्रेत्यांकडचे बहुतेक डाव्या बाजूचे असतात. ते आपल्या गाडीला बसत नाहीत.

दुसऱ्या गाडीचा रॅक स्वस्तात मिळतोय. ब्रॅकेट बनवून बसवू का?

ब्रॅकेट बसेल. गाडी चालेल की नाही हा प्रश्न आहे.

मापायचं ते आतल्या दोन बॉल जॉइंटमधलं अंतर आणि त्यांची उंची. गाडीचं सस्पेन्शन वर-खाली होताना खालचा आर्म एक चाप काढतो, टाय रॉड दुसरा. हे दोन चाप जुळले तर चाक सरळ राहतं. रॅक लांब, आखूड, वर किंवा खाली बसला तर प्रत्येक खड्ड्याला चाक आपोआप थोडं वळतं. याला बंप स्टीअर म्हणतात. राष्ट्रीय महामार्गावर वंटमुरीच्या उतारावर वेगात असताना एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की स्टेअरिंग न हलवता गाडी लेन सोडते.

मूळ गाडीत रॅक अॅक्सलच्या पुढे आहे की मागे हेही बघा. बाजू बदलली तर स्टेअरिंग उजवीकडे फिरवल्यावर गाडी डावीकडे वळते. ऐकायला अशक्य वाटतं, पण जोडून झाल्यावर हे कळलेली माणसं आहेत.

स्प्रिंग कापून गाडी खाली केलेल्यांनाही हाच बंप स्टीअर भेटतो. रॅक त्याच प्रमाणात शिमनं (पातळ पत्र्यांनी) हलवणं किंवा टाय रॉड एन्डची उंची बदलणं हा उपाय आहे. स्प्रिंग काढून, चाक जॅकनं थोडं थोडं वर नेत प्रत्येक उंचीला टो (चाकं पुढच्या बाजूला किती आत-बाहेर वळलीत ते) मोजल्याशिवाय तो जमत नाही.

पॉवर काढून मॅन्युअल करायचंय. किंवा उलट, जुन्या गाडीला इलेक्ट्रिक पॉवर घालायचंय.

पॉवर रॅकचे पाइप एकमेकांना जोडून पंपाचा पट्टा काढला की मॅन्युअल होतं, असं सांगितलं जातं. होतं, पण वाईट. पिस्टन आतलं तेल ढकलत राहतो आणि टॉर्शन बारची पिळवटही मधल्या प्लेसारखी लागते. त्याच मॉडेलचा मूळ मॅन्युअल रॅक मिळत असेल तर तो घाला. नसेल तर पॉवर राहू द्या.

इलेक्ट्रिक कॉलम जुन्या गाडीत घालायला माझा विरोध नाही. खांदा दुखतो म्हणून आवडती गाडी विकण्यापेक्षा हे बरं. अट एवढीच की आधी रॅक, ट्रनियन, किंगपिन निरोगी असावेत. जड गंजलेलं स्टेअरिंग मोटरच्या जोरानं हलकं करून घेतलं तर बिघाड फक्त झाकला जातो. अपघातात दबणारा कॉलम असेल तर तो कापून वेल्डिंग करू नये.

रबर काढून अॅल्युमिनियमचे सॉलिड क्लॅम्प घालू का?

स्पिटफायरसाठी ही जुनी आणि चांगली सुधारणा आहे. स्टेअरिंग लगेच नेमकं होतं. रस्त्याचा प्रत्येक खडा मात्र हातात येतो. बसवण्याआधी रॅक अगदी मध्ये आणि सरळ आहे का ते मोजा, कारण रबर जी तिरकस जागा सांभाळून घेत होतं ती सॉलिड क्लॅम्प घेत नाही. रोज वापरायची गाडी असेल तर नवी रबरंच घाला.

काम झाल्यावर अलाइनमेंट कुठंही केलं तर चालतं ना?

चालतं, पण रॅक आधी मध्यावर आणा. टोकापासून टोकापर्यंत फेऱ्या मोजा, निम्म्या फिरवा, तिथं स्टेअरिंग सरळ बसवा आणि मग दोन्ही टाय रॉड सारखे फिरवत टो लावा. एकाच बाजूचा रॉड फिरवून स्टेअरिंग सरळ करण्याची घाई बऱ्याच ठिकाणी होते. त्यानं रॅकचा झिजलेला मध्य आणि गाडीचा मध्य वेगळे होतात, आणि एका बाजूला वळायचा घेर वाढतो.

टाय रॉड एन्डमध्ये आटे किमान बोल्टच्या जाडीइतके तरी आत गेलेले हवेत. कॅसल नट स्प्लिट पिनच्या भोकाशी जुळवताना पुढे आवळायचा, मागे सोडायचा नाही. नायलॉनचा नट पुन्हा वापरायचा नाही. एअरबॅग असलेल्या गाडीत कॉलम सोडवण्याआधी स्टेअरिंग बांधून ठेवा. ते मोकळं फिरलं तर आतली क्लॉक स्प्रिंग तुटते.

आरटीओ आणि विम्याचं काय? माझी गाडी एमएच-०९ आहे, काम बेळगावात करतोय.

काम कुठल्या राज्यात केलं यानं फरक पडत नाही, काय केलं यानं पडतो. मूळ रॅक मूळ मापात रीबिल्ड करणं ही दुरुस्ती आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडी कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच अधोरेखित केलं. दुसऱ्या गाडीचा रॅक, चासी कापून केलेली जागा, हे प्रकार अपघातानंतर विमा कंपनी नक्की बघते. सगळ्या कामांची बिलं आणि फोटो ठेवा. १५ वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाच्या तपासणीतही ते उपयोगी पडतात.

५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीची २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी करायचा विचार असेल तर चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नसावेत ही अट लक्षात ठेवा. रॅकसाठी क्रॉसमेंबर (चासीची आडवी तुळई) कापायची कल्पना तिथंच सोडून द्या. आणि केए-२२ असो वा एमएच-०९, व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला नसते.

सुटे भाग कुठून घ्यायचे?

सिटी, आयकॉन, पालियोचे टाय रॉड, बेलो, सील किट कोल्हापूर आणि पुण्यात शोधल्यावर मिळतात. जुना रॅक नमुना म्हणून बरोबर न्या, कारण एकाच नावाच्या गाडीत दोन कंपन्यांचे रॅक बसवलेले असू शकतात आणि फोटोवरून ते कळत नाही. रॅकच्या घरावर उठवलेला नंबर कापडानं स्वच्छ करून लिहून घ्या. एमजी आणि ट्रायम्फचे भाग इंग्लंडमध्ये आजही नवे बनतात, फक्त नवे म्हणून डोळे झाकून बसवू नका. नव्या टाय रॉड एन्डचा रबरी बूट मऊ आहे का, बॉल हातानं फिरवताना अडखळतो का, हे बघूनच घ्या. भंगार बाजारातला रॅक घ्यायचा झाला तर पिनियन फिरवून टोकापासून टोकापर्यंत बघा, बेलो उचलून बारवर गंज आहे का ते बघा, आणि ज्या गाडीतून निघाला ती समोरून ठोकलेली असेल तर कितीही स्वस्त असला तरी सोडा.

सगळं झालं. पहिल्यांदा कुठं चालवू?

गाडी अजून उचललेलीच असू द्या. पॉवर रॅक असेल तर इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग दहा-पंधरा वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा आणि टाकीत तेल घालत राहा. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करा. मग खाली उतरवून मोकळ्या मैदानात हळू वळणं घ्या, ब्रेक मारा, रिव्हर्स घ्या. त्यानंतर खानापूर रस्त्यावर एक मध्यम फेरी, आणि परत आल्यावर क्लॅम्प, टाय रॉडचे लॉकनट, पिनियनचा पिंच बोल्ट पुन्हा पान्यानं तपासा. ४००-५०० किलोमीटरनंतर हेच आणखी एकदा, बेलो दाबून बघत. ते कोरडे निघाले की घाटाकडे निघायला हरकत नाही.